बुटकी बंद करण्याविषयी

सोमवार, ४ नोव्हेंबर
शुक्रवारच्या नोंदीत चूक आहे. मीटिंगमध्ये सगळे हसले, असं लिहिलं. हसले फक्त साहेब आणि अकाउंट्सवाली. तिसऱ्याला ठसका लागला होता. चौथीपर्यंत मी घरीच बाबांकडे शिकले आणि त्यांचा पहिला धडा हाच : लिहायचं ते खरं. खरं एवढंच, की साहेबांनी विचारलं, "गाड्यांवर मत देतेस, पण चालवता येते का गं?"
येत नाही. पण तो मुद्दा नव्हता.
सूड घेणार.

मंगळवार, ५
ठरलं. बुटकी बंद करायची. आमच्या कंपनीची सगळ्यात जुनी हॅचबॅक. साहेबांनी तरुणपणी स्वतः आखलेली. केबिनमध्ये तिचा फोटो आहे, बायकोचा नाही. ती चालू ठेवावी का, याचा अहवाल माझ्याकडेच आलाय. दैव देतं ते असं.
यात सूडबुद्धी नाही. म्हणजे आहे, पण आकडेही माझ्याच बाजूने आहेत.

शुक्रवार, ८
अहवाल तयार. खप घसरलेला, मागची सीट म्हणजे शिक्षा. (लहानपणी मधे मलाच कोंबायचे, हे वाक्य काढलं.)
घरी सांगितलं. बाबांची गाडी बुटकीच. म्हणाले, वा गं बाई, उद्या पार्ट मिळेनासे झाले की क्लचमध्ये तुझा अहवाल घालू का? आई म्हणाली, हिला कुठे चालवायचीय!
आईवर सूड : विचाराधीन.

बुधवार, १३
अहवाल मांडला. साहेब कोसळतील म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या! म्हणाले, शाबास पोरी, माझ्या तोंडून हे कसं निघणार होतं? तिच्या जागी येणारं नवीन मॉडेल आता तेच आखणार. बाटली मीच संपवली.
वर कारखान्याची रीत : मॉडेल बंद करा म्हणणाऱ्यानेच शेवटची गाडी चालवत लाईनवरून बाहेर काढायची. सगळ्या कामगारांदेखत. २९ तारखेला. हे मला माहीत नव्हतं.
दुरुस्ती : माहीत होतं. सुडाच्या भरात विसरले.

रविवार, १७
अहवाल मांडल्यापासून धरलेला अबोला बाबांनी सोडला. किल्ली पुढ्यात टाकून म्हणाले, मारायचीच आहे तर नीट चालवून मार. मैदानात गेलो. गाडी सारखी बंद. बाबा म्हणाले, बंद पाडण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

बुधवार, २७
पहिला गियर पक्का. दुसरा लागत नाही, पण लाईनपासून दारापर्यंत हवा कशाला? साहेबांना शेजारी बसवणार, झोकात बाहेर पडणार आणि विचारणार, येते का हो?

शुक्रवार, २९
साहेब शेजारी बसले. क्लच सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद. पुन्हा. पुन्हा. कोणीच हसलं नाही. ते जास्त लागलं. शेवटी साहेब म्हणाले, न्यूट्रल कर, तू फक्त स्टिअरिंग धर. उतरले आणि एकटेच मागून ढकलू लागले. आरशात दिसत होते. रडत होते.
दुरुस्ती : घामही असेल.
सूड मात्र बाकी आहे. उद्या-परवा सुट्टी. म्हणून सोमवार, २ डिसेंबर : बाबांची बुटकी स्वतः चालवत नेणार आणि साहेबांच्या पार्किंगमध्ये लावणार. रिव्हर्सने.