हिरव्या चिंधीतले कागद

माय, आज तुझी पत्र्याची पेटी उघडली. तुला अक्षर येत नव्हतं, पण घरातला एकेक कागद तुला ठाऊक होता. आबा पलसाण्याच्या डाईंग मिलमधून कापडाचे तुकडे आणायचे, त्यांत तू कागद गुंडाळायचीस. आबांचे हिरव्यात, माझे पिवळ्यात, घराचे लाल ठिपक्यांच्या तुकड्यात. मैत्रिणी आल्या की मला त्या चिंध्यांची लाज वाटायची.

दहावीचा निकाल लागला आणि माझ्या अंगात शहाणपण शिरलं. तू बाहेर गेलेली पाहून मी चिंध्या सोडल्या, तीन निळ्या फायली आणल्या आणि त्यांच्यावर झोकात नावं घातली. तुला सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी, मी बाहेर असताना, नाक्यावरच्या एसटीडीत मिलमधून फोन आला. आबांचा हात रोलरमध्ये सापडला होता. तू पेटी उघडतेस, हिरवी चिंधी नाही. वरची फाईल उचलून तशीच दवाखान्यात धावतेस. खिडकीवरची बाई गुजरातीत म्हणते, "बेन, आ तो छोकरीनुं रिझल्ट छे. विमानुं कार्ड लावो." तू घरी परत येऊन, उरलेल्या दोन्ही फायली उचलून विम्याचं कार्ड नेईपर्यंत दीड तास गेला. आबा तेवढा वेळ हात धरून कण्हत बसले होते. बोटं वाचली, पण दोन अजून वाकत नाहीत.

संध्याकाळी तू एवढंच म्हणालीस, "तुले वाचता येस, माले नही. मना डोया त्या चिंध्यामा व्हतात." तुझे ते डोळे मीच सोडून टाकले होते. आबांना मात्र तू माझं नाव कधीच सांगितलं नाहीस.

आज पर्वत पाटिया भागात माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. प्रत्येक घराच्या कागदांना वेगळ्या रंगाची कापडी पिशवी. भले भले शिकलेले स्वतःचे कागद हुडकत बसतात, माझ्याकडे मागितलेला कागद चहा येण्याआधी हातात पडतो. ही अक्कल तुझी आहे, हे मी गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगते.

घरी तेवढं जमत नाही. कालच आबा पाहुण्यांपुढे हसत म्हणाले, "इनी माय मना हात दखाडाले पोरनं रिझल्ट लई गयी व्हती." सगळे हसले. तुझ्या अडाणीपणावर हसले, माय, आणि मी पुन्हा रिकामे कप उचलून आत गेले.

हे पत्र तुझ्या हिरव्या चिंधीत ठेवते आहे. आबांना वाचता येतं. पण तू गेल्यापासून ते या पेटीला हात लावत नाहीत, हे मला माहीत आहे.