गाढव छाप पंपाचे चार ठसे आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा ओतकामासाठी लाकडी साचे करण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलीला तो तितकासा पटलेला नाही, पण कायद्याला चालतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. धमक्या बऱ्याच दिल्या, त्या रद्द समजाव्यात.

१. दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक ही माझी स्वकष्टार्जित मिळकत एकुलत्या मुलीला मिळावी. स्वयंपाकघराचा दरवाजा पावसाळ्यात अडकतो. स्वतः सुतार असून तीस वर्षे तो तासला नाही, याबद्दल तिच्या दिवंगत आईची पुन्हा एकदा माफी मागतो.

२. पटाश्या, रंधे व मोजपट्टीही मुलीलाच. लोखंड थंड होताना आकसते, म्हणून या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा आहे. ती शाळेत गणित शिकवते. वर्गात ही पट्टी नेऊ नये.

३. माळ्यावर चार लाकडी ठसे आहेत. त्यांची वाटणी करण्याआधी हकीकत सांगणे भाग आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान म्हणजे भावोजी. त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये पाण्याचे पंप बनवायला घेतले आणि पंपावर उमटवायला चौखूर उधळलेला घोडा मागितला. मी कोरत असताना ताई शेडमध्ये आली. घोडा न्याहाळून म्हणाली, "कान जरा लांब ठेव."

"गाढव दिसेल गं."

"दिसू दे. आत्ताच ह्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. आणि कुणाला सांगायचं नाही, माझी शपथ आहे."

चाळीस पंप ओतून झाल्यावर भावोजींनी ते कान पाहिले. वाळूच्या साच्यात बारीक कान टिकत नाहीत, म्हणून लांब ठेवले, अशी थाप मी मारली. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी एक गिऱ्हाईक आले. "तो गाढव छाप पंप आणखी एक द्या. दिवसभर ओढतो बिचारा, कुरकुर नाही." छाप चालली. भावोजींना खप गोड लागला, गाढव नाही.

दहा वर्षांनी त्यांनी माझ्याकडून आखूड कानांचा नवा ठसा कोरून घेतला. निघाला भिजलेला कुत्रा. हा दुसरा ठसा. पुढे धड काढून नुसते डोके दातेरी चाकात बसवले, तो तिसरा. गाढव चाकात अडकले आहे, कृपया सोडवा, असे पत्र एका शाळकरी मुलीने कारखान्याला धाडले. मग भाचा शिकून परतला. त्याने पांढऱ्या बुटांचा एक डिझायनर आणला. डिझायनरने डोकेही काढले आणि पाच तिरप्या रेघा ठेवल्या.

"मामा, हा वेग आहे," भाचा म्हणाला.

बाजारात त्या रेघांना कंगवा छाप नाव पडले. लोक पंप परत आणू लागले. "हा नकली आहे. गाढव कुठंय?"

तेव्हा मी आगाऊपणा केला. पंपाच्या लाकडी साच्यातच, बुडाला, बोल्टच्या भोकाशेजारी, नखाएवढे गाढव कोरले, लांब कानांचे. दुकानदार पंप उलटा करून ते दाखवू लागले. हे सहा वर्षे चालले. भावोजींना सगळ्यांत शेवटी कळले.

"जन्मभर मला गाढव ठरवलंस!" साऱ्या कारखान्यासमोर ते ओरडले. ताई तिथेच होती. ती बोलणार, एवढ्यात मी मान हलवून नको म्हटले. तिच्या घरात भांडण नको होते. एप्रन खुंटीला अडकवला आणि निघून आलो. त्याला बारा वर्षे झाली. ताई गेली त्या दिवशीही आम्ही दोघे एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो.

४. दुसरा व तिसरा ठसा भाच्याला. पोरगा मनाने चांगला आहे, घाई तेवढी फार. चौथा, रेघांचा, त्या डिझायनरला. सोबत माझा कंगवा. माझ्या डोक्याला वीस वर्षांत त्याचे काम पडलेले नाही.

५. पहिला ठसा, लांब कानांचा, भावोजींना. कलम तीन त्यांनी वाचावे. ताईची शपथ मी ती असेपर्यंत पाळली.

पुरवणी, सहीपूर्वी: साक्षीसाठी मी भावोजींना निरोप धाडला होता. येतील असे वाटले नव्हते. आज सकाळी काठी टेकत आले, आणि वकीलसाहेब नको नको म्हणत असताना कागद घेऊन उभ्यानेच वाचू लागले. कलम तीन दोनदा वाचले. मग खुर्ची ओढून बसले.

वकीलसाहेब म्हणाले, "ज्यांना यातून काही मिळतंय त्यांनी साक्षीला सही करू नये. वाटा बुडेल."

भावोजींनी पेन खाली ठेवले. "मला गाढव हवंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारले, "आणखी काय काय म्हणायची रे ती माझ्याबद्दल?"

"बरंच आहे. जेवायला थांबावं लागेल."

"थांबतो."

सबब साक्षीला शेजारचे घड्याळवाले व दाखला देणारे डॉक्टर यांना बोलावले. दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणार: (सही) साचेवाला
साक्षीदार: १. (सही) घड्याळवाले २. (सही) डॉक्टर
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, दुपारी दोन. भावोजी अजून इथेच आहेत.