पंपाचा रिमोट कोणाकडे?

प्रिय अहो,

इथे मुलाकडे माझी तब्येत बरी आहे. दंडावर इन्सुलिनचा छोटा पंप चिकटवलाय. नळी नाही, दुखतही नाही.

पण काल जेवणाआधी डोस द्यायचा, तर त्याचा रिमोट तुमचे चिरंजीव ऑफिसला घेऊन गेलेले! इन्सुलिन टोचायचं जुनं पेनही त्यानेच फेकलेलं. संध्याकाळपर्यंत ताट झाकून बसले. वर म्हणतो, "आई, तू भलतंच बटण दाबशील!" इतकी वर्षं सुई मीच टोचून घेत होते ना? तुम्ही शेजारी बसून नुसती फुंकर घालायचात.

आज पंप तपासायला आलेल्या नर्ससमोर त्याच्या हातून रिमोट हिसकावला, डोस देऊन दाखवला. ती म्हणाली, "अगदी बरोबर." आता रिमोट माझ्याजवळच राहील.

तिकडे घरी वेळेवर जेवताय ना? लेकाचा फोन आला, तर त्याची बाजू घेऊ नका.

तुमचीच, अजून रागातच