तुमची नात लाकूडकाम शिकायचं म्हणतेय

अण्णा,

आज तुमच्या नातीने मला डोंगरात नेलं. डोंगर म्हणजे इथल्या लोकांच्या लेखी डोंगर. आपल्याकडे त्याला टेकडी म्हणतानाही लोक हसले असते. सगळा देश पोळपाटासारखा सपाट, दक्षिणेच्या टोकाला तेवढा हा उंचवटा, म्हणून त्याचं कौतुक. बेस्ट नावाच्या गावाहून, म्हणजे आम्ही राहतो तिथून, दीड तास गाडी चालवली. निघतानाच मी दमलेली होते. दीड वर्ष होत आलं, या साथीमुळे घरातच माझं ऑफिस, घरातच पोरीचं कॉलेज आणि घरातच भांडणं. सध्याचं भांडण महिनाभर चाललंय. तिला इंजिनिअरिंग सोडून लाकूडकाम शिकायचं आहे. तिकडे एक बाई चेनसॉने, त्या घरघरणाऱ्या पेट्रोलच्या करवतीने, ओंडक्यांतून प्राणी कोरते, आणि ती हिला सप्टेंबरपासून हाताखाली घ्यायला तयार आहे. "जस्ट कम अँड सी, आई. मग नाही म्हण," लेक म्हणाली. नवऱ्याने सगळं माझ्यावर सोपवून हात झटकले. मी नाही म्हणायलाच निघाले होते.

गॅलरी म्हणजे एका जुन्या गोठ्याचं अंगण. घुबडं, अस्वलं, माणसाएवढा एक कोंबडा. एका वेळी सहाच माणसं आत, दाराशी सॅनिटायझरची बाटली. उघड्यावर आहे म्हणून मी मास्क खाली केला आणि भुशाचा वास आला. ओकचा होता, सागाचा नव्हे, तरी मला आपली पडवी दिसली. तुम्ही रंध्यावर वाकलेले आहात. मी आठवीत आहे, तुमची पटाशी हातात घेतलीय, आणि तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारता. "हे हात वहीसाठी आहेत. पुन्हा हत्याराला लागले तर बघ." डाव्या हाताचं अर्धं बोट गमावलेला माणूस दुसरं काय म्हणणार! तुमचं ऐकलं मी, अण्णा. जरा जास्तच ऐकलं.

इंजिनिअरिंगला लागले तेव्हा तुम्ही मला ड्रॉइंग बोर्ड करून दिलात. एक खिळा नाही, कडा अशा की हात फिरवत बसावं. होस्टेलवर खोलीतल्या तिघींनी विचारलं, कुठून घेतलास? दुकानातून, मी म्हणाले. त्यांचे वडील डॉक्टर, प्राध्यापक, बँकेत साहेब. पुढे घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "आवडला का गं मैत्रिणींना?" फार आवडला, म्हणाले. दिवाळीला येऊन बघते तर भिंतीशी तीन बोर्ड उभे, त्या तिघींसाठी. एसटीत ओझं होईल म्हणून मी ते नेले नाहीत. "बरं, पुढच्या खेपेला ने," म्हणालात. पुढच्या खेपेलाही ओझंच होतं.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळत बसावं लागतं. इथे आल्यावर ओळखीपाळखीत तुमचा फर्निचरचा व्यवसाय झाला, मग त्याची फॅक्टरी झाली. नवऱ्याने कधी खोडून काढलं नाही. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, नातीने तुम्हाला पाहिलेलंच नाही. तिचे आजोबा केबिनमध्ये बसायचे.

ती कोरणारी बाई साठीची, हात तुमच्यासारखे खरखरीत. एका नव्या अस्वलापाशी आलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे थंडीपर्यंत फाटेल. लाकूड ओलं आहे, आणि गाभा आतच राहिलाय." बाई थांबली. दीड मीटरचं अंतर विसरून जवळ आली. "फाटणारच आहे," ती म्हणाली, "पण इथे येणाऱ्या कुणाला ते कळत नाही. तुमच्या घरात कुणी लाकडात होतं का?"

माझ्याआधी लेकच बोलली. "नो नो, माय ग्रँडफादर हॅड अ फॅक्टरी. ही वॉज ॲन ऑफिस टाइप." मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या. तेव्हा सांगायला काय हरकत होती? कुणाचं काय बिघडणार होतं?

"यूट्यूबवर पाहिलं," मी म्हणाले. लॉकडाऊनमध्ये सगळेच यूट्यूबवर काही ना काही शिकलेत, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही.

परतताना आम्ही मोटरवेला लागलो. मग म्हणाली, "यू थिंक इट्स बिनीथ अस, ना आई? आपल्यात कुणी हाताने काम केलंच नाही, म्हणून." आतून इतकी लाज वाटली की गाडी बाजूला घ्यावी असं झालं, पण तिथे कुठे थांबणार?

उद्या मी तिला हो म्हणेन. भांडायचं बळ उरलेलं नाही, आणि त्या कोंबड्याच्या पिसांवरून ती तुमच्यासारखाच अंगठा फिरवून कड तपासत होती; तुमचा हात तिच्यात उतरलाय हे आज डोळ्यांनी पाहिलं. पण नुसतं हो म्हणून भागणार नाही, हेही कळतंय. तुमची लाज वाटायची मला, अण्णा. वाईट याचं वाटतं की तुम्हाला ते ठाऊक असणार.

खरं तर हे तिला वाचायला द्यावं, असं मनाशी म्हणत लिहायला बसले. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. आणि हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.