प्रणालीचे वर केलेले हात

अकोला, शनिवार संध्याकाळ. बस अजून सुटायची आहे.

हरलो. एका गुणाने.

शेवटचे सहा सेकंद डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बॉल शीतलकडे होता आणि दोघी तिच्या अंगावर धावून आलेल्या. बास्केटखाली प्रणाली एकटी, दोन्ही हात वर करून उभी. शीतलने तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, मी शपथेवर सांगते. तरी शॉट स्वतःच मारला. रिंगला लागून बाहेर.

मी सगळ्यांसमोर शीतलवर ओरडले, "पास काहून नाही देला?"

"तुमीच तर सकाळी म्हणलं मॅडम, निवडवाले पॉइंट मोजून राहिले, शॉट तूच मार."

म्हणाले होते. भारतीय संघाच्या शिबिरात माझ्या हाताखालची एक तरी मुलगी जावी, एवढंच डोक्यात होतं. महिनाभर अमरावतीच्या उन्हात ज्यांच्याकडून पासिंग घोटवून घेतलं, त्यांना सामन्याच्या सकाळी हे सांगितलं? मी?

मग शिबिराची यादी लागली. शीतल आहे, प्रणाली नाही. लोक येऊन माझं अभिनंदन करून गेले. मी हसून हात मिळवले, आणि नजरेसमोर ते दुसरेच हात.

बसमध्ये प्रणालीपाशी जाऊन म्हटलं, "शीतलने पास द्यायला हवा होता."

ती खिडकीबाहेरच बघत होती. "मले बी तुमी सकाळी तेच सांगतलं होतं, मॅडम. तरी मी तिले पास देत राहिली."

खरंच. तिलाही सांगितलं होतं. विसरलेच होते.

एवढं बोलून तिने सीटवरची बॅग उचलली आणि मला बसायला जागा केली.