एका हाकेत गप्प

कार्तिक व. २, सोमवार
घसा पार बसला. गंगेकाठी मंगळागौरीच्या गल्लीतली माडी, सहा-सात वर्षांच्या मुली, एकच वर्ग. शाळा कसली, बाजार! टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या. घंटा वाजवली तर सुटी झाली समजून निम्म्या जिन्यात. रागावून नुसती उभी राहिले; कुणाला पत्ताच नाही. घरी मराठी, इथे आपसांत सगळी हिंदी: "ए, हट ना!"
ऐकते ती एकटी मुनिया. धोब्याची. तिला घ्यावं म्हणून केवढी भांडले! शेवटी शाळेचे चिटणीस म्हणाले, दाराशी बसेल, इतरांपासून लांब. दाराशी तर दाराशी. अक्षर मात्र सगळ्यांत सुबक.

व. ३, मंगळ.
चिटणीस येऊन गेले. पुढच्या मंगळवारी इन्स्पेक्ट्रेस मडम येणार. "वर्ग एका हाकेत गप्प झाला पाहिजे, बाई. नाहीतर तुमच्या जागी छडीवाले पंडितजी." पंडितजी मुनियाला एक दिवस ठेवायचे नाहीत. छडी मला जमत नाही. आज जमली असती, इतका संताप.

व. ५, गुरु.
जमलं! तेही वैतागून. पाटीवरून दोघींची झोंबाझोंबी, बाकीच्या ओरडताहेत. तोंडातून निघून गेलं, "सोवळं! सोवळं! सरका!" आजोबा गंगेवरून ओलेत्याने आले की घरोघरी हेच ऐकतात ना. क्षणात सगळ्या भिंतीला. परकर आवरलेले, तोंडं बंद. खालचा दहीवाला ऐकू आला! हसू दाबून पाढे घेतले. चिटणीस जिन्यात होते. "वा! मडमपुढे हेच करा."
पाढे संपल्यावर पाहते तर दाराशी मुनियाची पाटी, मुनिया नाही. पोटात दुखलं असेल.

व. ६, शुक्र.
मुनिया आली नाही. संध्याकाळी घाटावर गेले. तिची आई कपडे आपटत होती. मान वर न करता म्हणाली, "आप ही तो बोलीं, मास्टरनीजी. सुनते ही भाग आई. हम ही सिखाए हैं."
त्या शब्दावर बाकीच्यांनी भिंतीशी सरकायचं, हिने जागा सोडून पळायचं. जन्म त्या शब्दात गेला माझा, आणि हे सुचलं नाही!
मुनिया आईमागूनच, शाळेत शिकलेल्या मराठीत म्हणाली, "बाई, मी कुणाला शिवले नव्हते."
लाज वाटली. फार.

व. ९, सोम.
तो शब्द आता बंद. पुन्हा बाजार. मुलीच मागे लागल्या, "बाई, वो सोवळंवाला खेल करो ना!" ओरडले. त्यालाही हसल्या.
दुपारी मुनिया वरच्या पायरीपर्यंत आली. "आज म्हणणार नाही ना?" नाही म्हटलं. आतला गोंगाट एवढा की दोनदा सांगावं लागलं. मग आत आली, पाटी उचलली, बसली.
थोड्या वेळाने, "उद्या?"
"उद्याही नाही."
सुटल्यावर चिटणिसांना सगळं सांगितलं. तो शब्द नको म्हणून हात जोडले. म्हणाले, "एवढ्याशा पोरीसाठी शाळेची अब्रू घालवता? तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. उद्या मी असेन दारात. मीच म्हणेन."