'येतो' न म्हणणारा हेर

प्रिय अण्णा,

तुमचा सिनेमा सापडला. मंदारने, तुमच्या नातवाने, तो मोबाइलवर शोधून काढला आणि काल दुपारी आम्ही पावसच्या घरी पडवीत बसून पाहिला. त्याबद्दल तुमच्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहितेय.

पूर्णगडला शूटिंग झालं तेव्हा मी फ्रॉकात होते. गोष्ट लढाईच्या दिवसांतली. शत्रूचे हेर किनाऱ्यावर उतरलेत, आणि त्यांना शोधणारा डिटेक्टिव्ह येता-जाता माडांवर आपटतोय. त्यात एक हेर तुम्ही, एरवीचे शाळामास्तर, शहाळीवाल्याच्या वेशात. वाक्य एकच: "बरंय, जातो मी." लगेच डिटेक्टिव्ह झडप घालतो, "इथला माणूस निघताना 'येतो' म्हणतो. पकडा ह्याला!"

सिनेमा रत्नागिरीला लागलाच नाही. पण तुम्ही तो प्रसंग इतक्यांदा करून दाखवलात की घरात चुकून कुणी 'जातो' म्हणालं की आई ओरडायची, "पकडा ह्याला!"

पुढे कधी रेकॉर्ड करायला मोबाइल समोर धरला की तुम्ही हात आडवा घालायचात. "कशाला गो? सिनेमात आहे की मी." काय ही ऐट, अण्णा! त्यापायी तुमचा आवाज कुठेच राहिला नाही. आमची सगळी भिस्त त्या एका वाक्यावर होती.

काल तुम्ही आलात. काळेभोर केस, खांद्यावर शहाळी. तोंड उघडलंत आणि भलताच आवाज आला. घोटीव, पुणेरी. आपला हेल चालला नसेल त्यांना, दुसऱ्याकडून वदवून घेतलं. तुम्हाला ठाऊक होतं का हो?

आईने मोबाइलला कान लावला. "अगो, माणूस तर हेच आहेत. मग बोलतोय कोण?" मंदारने पुन्हा लावलं. पुन्हा तोच परका माणूस बोलला. आई उठून आत गेली.

ते वाक्य तुमच्या तोंडून शेवटचं ऐकलं ते तुम्हाला इस्पितळात नेताना. गाडीत बसता बसता म्हणालात, "बरंय, जातो मी." आई म्हणाली, "पकडा ह्यांना!" आणि आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसलात का? काही केल्या आठवत नाही. आता तुमचा तो हेलही पुसट होत चाललाय आणि त्याला इलाज नाही.

तुमचा आवाज जपेन असं वचन द्यायला बसले होते. ते माझ्या हातातलं नाही. एवढंच कबूल करते: या घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं तर मी हसणार नाही. हात धरून त्याला खाली बसवीन.

तुमची,
सुमी